तीन रविवारांची हजेरी

मुंबईची गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि पाटोळे सर कोल्हापूरच्या स्टँडवर हजेरी घेत होते. कंडक्टर दोनदा ओरडून गेला होता. मी खिडकीत बसलो होतो आणि खाली मैदानावरून थेट आलेली सतरा पोरं चिखलाच्या बुटांनिशी रांगेत उभी होती. सर लांब वहीतून एकेक नाव वाचत होते आणि पोरं एकेक करून ‘हाय’ म्हणत होती. आमच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. ते इंग्रजीतलं हाय नव्हे, हे माझ्या शारजात वाढलेल्या पोराला अजून सांगावं लागतं. माझं नाव आलं तेव्हा मी खिडकीतूनच ‘हाय’ म्हणालो आणि आवाज फुटला. वडील बाजूला उभे राहून हा सगळा तमाशा बघत होते. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोचलास की कळव. आणि तिकडं जाऊन खेळत बसू नकोस."

धनाजी, म्हणजे आमचा धना, गाडीबरोबर थोडं पळाला. मैदानात तो माझ्या शेजारी खेळायचा. पत्र्यावर हात मारत ओरडला, जागा धरून ठेव रे माझी. ती जागा मी धरली. चार वर्षांनी त्याला बोलावूनही घेतलं. हे सगळं लिहायचंय ते त्याच्याबद्दलच.

कॉलेजच्या फुटबॉल संघाची स्मरणिका निघतेय आणि पाटोळे सरांनी मला निरोप धाडला की संघाच्या इतिहासावर आणि प्रथांवर तू लिही, परदेशात राहून त्या जपणारा तूच. चार महिने मी टाळाटाळ केली. आता लिहितोय, पण सरांना आवडेल असं काही यात नाही. तुम्ही तिकडे राहिलेले असा किंवा माझ्यासारखे बाहेर पडलेले, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे म्हणून लिहितोय.

आधी इतिहास. जुन्या खेळाडूंकडून ऐकलेलं असं की सुरुवातीला कॉलेजकडे एकच चेंडू होता आणि त्यात हवा भरायला तो सायकलच्या दुकानात न्यावा लागायचा. पोरं तालमीतली, सकाळी लाल मातीत कुस्ती आणि संध्याकाळी फुटबॉल. पहिल्या हंगामात संघ सगळे सामने हरला. खरी अडचण हरण्याची नव्हती. कोल्हापुरात पेठेपेठेचा संघ असतो आणि पेठेपेठेचं वैरही असतं. रविवारी एकमेकांची डोकी फोडलेली पोरं सोमवारी कॉलेजच्या एकाच जर्सीत कशी खेळणार? तेव्हाच्या सरांनी नियम काढला की सरावाआधी प्रत्येकानं दुसऱ्या पेठेतल्या पोराच्या बुटांची नाडी बांधायची. खाली बसून, मान वाकवून. पहिल्या दिवशी अर्धी पोरं घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. ती नाडी आम्हीही बांधली. मी धनाची, धनानं माझी.

हजेरीची प्रथा त्यानंतरची. कुठल्याशा मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी उजव्या बगलेच्या खेळाडूचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी सवयीनं त्याचं नाव वाचलं गेलं आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा नकळत ‘हाय’ म्हणाला. मग सगळी रांग म्हणाली. सामना जिंकला. तेव्हापासून आमच्या संघात कुणी गैरहजर लागलेला नाही. आलेला नसेल त्याच्यासाठी शेजारच्यानं ‘हाय’ म्हणायचं. विसरला तर मैदानाला पाच फेऱ्या. पाटोळे सर म्हणायचे, संघात गैरहजर कुणी नसतं, फक्त लांब असतं. आम्हाला हे ऐकून अंगावर काटा यायचा. वीस वर्षांच्या पोराला काट्यासाठी फार काही लागत नाही.

ही प्रथा मैदानापुरती राहिली नाही, हे स्मरणिकेत कुणी लिहिणार नाही. वर्गात आम्ही एकमेकांच्या हजेऱ्या लावल्या. कुणाच्या घरून विचारणा झाली की तो लायब्ररीत आहे, आत्ताच इथून गेला, असं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. शेजारच्याला झाकणं म्हणजेच संघ, असं डोक्यात पक्कं बसलं. खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही.

दुबईत आलो तेव्हा देरा भागात एका खोलीत आम्ही आठजण राहत होतो. माझ्या वाट्याला वरचा पलंग आणि खिडकीच्या एसीचं पाणी. ट्रेडिंग कंपनीत डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं. माल कुठून निघाला, कुठं जाणार, आत काय आहे, हे कागदावर लिहायचं. अजूनही तेच करतो. पुढे लग्न झालं, शारजात फ्लॅट घेतला भाड्यानं, पोरगा झाला. वडिलांनी सांगितलेलं ऐकलं नाही. आमचा कॉलेजचा गोलकीपर शकील शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेज चालवत होता. आम्ही दोघांनी मिळून कॉलेजची जुनी पोरं शोधली. कुणी अजमानला, कुणी जेबेल अलीला. काही पुण्या-सांगलीची पोरं भरतीला घेतली. गोदामांच्या मागं वाळूचं एक मोकळं मैदान आहे, तिथं रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही खेळायला लागलो. तीच गडद तांबडी जर्सी शिवून घेतली. आणि पहिल्याच रविवारी शकीलनं खिशातून कागद काढून हजेरी घेतली. न आलेल्या एकासाठी मी ‘हाय’ म्हणालो. चाळिशीला आलेली माणसं रडली हो. माझा मुलगा बघायला आला होता. तो म्हणाला, "बाबा, बट ही इज नॉट हिअर. व्हाय आर यू सेइंग येस?" मी त्याला म्हटलं, तुला कळायचं नाही. त्याला कळलं होतं. मलाच कळलं नव्हतं.

धना त्याआधीच, मीच लावून दिलेल्या नोकरीवर आला होता. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. लग्न केलेलं नव्हतं, वडील लहानपणीच गेलेले, घरी फक्त आई. तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. धना स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढं भिंतीसारखा उभा राहणारा. पुढं जाऊन गोल मारणं त्याचं कामच नव्हतं. सगळ्या कॉलेजात मिळून त्यानं एक गोल मारला, तोही पाठीला लागून गेलेला. मावशी त्यावरून त्याला अजून चिडवायची. रविवारी खेळ संपला की धना मैदानातूनच तिला व्हिडिओ लावायचा. आम्ही सगळे मागं तोंडं घालायचो. ती प्रत्येकाला विचारायची, जेवलास काय? मग धनाच्या लग्नाचा विषय निघायचा आणि धना फोन माझ्याकडे द्यायचा. एकदा तर तो आलाच नव्हता, खोलीवर झोपला होता. मला मेसेज टाकला की आईचा फोन आला तर सांग मैदानात आहे, आज स्थळांची यादी घेऊन बसलीय. मी सांगितलं. नंतर आम्ही दोघं त्यावर हसलो.

मग तो रविवार आला. शकीलनं धनाचं नाव वाचलं. तो नव्हता. मी ‘हाय’ म्हणालो आणि आम्ही खेळायला लागलो. नऊच्या सुमाराला मावशीचा फोन माझ्या मोबाईलवर. धनाचा फोन लागत नाही म्हणाली. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, हाय की मावशी, आत खेळतोय, बॅटरी गेलीय त्याची. ती म्हणाली बरं. मी धनाला दोनदा लावून बघितला, बंद होता. पुन्हा स्थळं आली असणार, असं मनाशी म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या रविवारीही तो नव्हता. मी ‘हाय’ म्हणालो. कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हीच तर प्रथा. मावशीचा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात काळजी होती. आठवडाभर फोन नाही, असं कधी होत नाही. मी म्हटलं, मोबाईल पडला त्याचा, रिपेअरला टाकलाय. बरा हाय न्हवं, असं तिनं विचारलं. मला वाटलं, म्हातारीला जरा आनंद द्यावा. म्हटलं, एकदम झकास आहे मावशी, आज तर त्यानं गोल मारला. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. तिसऱ्या रविवारी मी सांगितलं की साइटवर गेलाय, तिकडं नेटवर्क नसतं. तिनं लगेच फोन ठेवला. मी हजेरीत मात्र ‘हाय’ म्हणालो होतो.

धनाची खोली माझ्या फ्लॅटपासून गाडीनं वीस मिनिटांवर. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा त्या भागातून गेलो, एकदा टायर बदलायला, एकदा पोराच्या शाळेच्या कामाला. वर चढलो असतो तर खोलीतल्यांनी सांगितलं असतं की त्याची कंपनी दीड महिन्यापूर्वीच बंद पडली आणि त्या पहिल्या रविवारच्या चार दिवस आधी तो बॅग घेऊन गेला. तो मला बोलला नाही, कारण नोकरी मी लावली होती आणि मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं असणार. मी गेलो नाही, कारण माझ्या हिशेबी तो होताच. मीच तर सांगत होतो.

बुधवारी ऑफिसात मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर फोटो आला. टेबलावर पसरलेली गडद तांबडी जर्सी, पाच नंबर, वर आमच्या कॉलेजचं मराठीतलं नाव. खाली लिहिलं होतं, हे कपडे कुणाच्या ओळखीचे आहेत का? पश्चिमेकडच्या एका हॉस्पिटलमधून एका समाजसेवकानं पाठवलेला फोटो फिरत फिरत आला होता. मी शकीलला फोन केला. तो गॅरेज तसंच उघडं टाकून आला. रुवैस या रिफायनरीच्या गावाकडे जायला चार तास लागतात, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधे मधे रिफायनरीच्या चिमण्या. 

धना तिकडे शटडाऊनच्या कामावर गेला होता. रिफायनरीचं युनिट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा थोड्या दिवसांसाठी शेकडो माणसं लागतात, ती सप्लायर पुरवतात. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो कामावरच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पडताना मोबाईल फुटला. ओळखपत्रावर जुन्या कंपनीचं नाव, ती बंद. सप्लायरच्या माणसानं दिलेला नंबर लागत नव्हता. हॉस्पिटलवाल्यांनी शोधायचं तेवढं शोधलं. शेवटी त्याच्या बॅगेतून जर्सी निघाली, पण तोवर उशीर झाला होता. तो सोमवारी गेला. आम्ही पोचलो बुधवारी.

मी बोटांवर मोजलं. तिन्ही रविवार तो जिवंत होता.

वॉर्डातली केरळची नर्स ड्युटी संपली तरी आमच्यासाठी थांबली होती. तिनं मला नात्यातला समजून हळू आवाजात सांगितलं, "ओ सुनता था, भैया. कोई आता तो आँख खोल के दरवाजे को देखता था. कोई मराठी में बात करता तो अच्छा होता." शकील बाहेर निघून गेला. मी तिला थँक्यू म्हणालो. 

पुढचे कागद मीच केले. माझं कामच ते. अठरा वर्षं मी मसाले, टाइल्स, पंप यांचे कागद भरले. या वेळी ‘आत काय आहे’ या रकान्यात काय लिहायचं ते कार्गोच्या पोरानं सांगितलं आणि मी लिहिलं. वजनही लिहिलं. माझ्या शेजारी खेळणाऱ्या माणसाचं वजन मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कोल्हापुरात मला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. परक्या देशातून मित्राला घरी आणलं म्हणून. पेठेत लोक पाया पडायला लागले. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की हा होता म्हणून, शेवटपर्यंत पोरगं माझं खेळत होतं, आदल्या आठवड्यात गोलसुद्धा मारला, ह्यानंच सांगितलं मला. तो साइटवर गेला आणि एकाएकी गेला, असंच तिच्या मनात होतं. मी खाली मान घालून बसायचो. लोकांना वाटायचं, दुःखानं.

दहाव्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर जुने-नवे खेळाडू जमले. पाटोळे सर आता काठी घेऊन चालतात. त्यांनी तीच लांब वही उघडली आणि हजेरी घेतली. धनाचं नाव आलं तेव्हा शंभरेक माणसं एकदम ‘हाय’ म्हणाली.  सर माझ्याकडे बघत होते, कारण पहिला आवाज शेजारच्याचा असायला हवा. माझ्या तोंडातून काही निघालं नाही. सगळ्यांनी तेही दुःखच धरलं. त्या क्षणी मला त्या गर्दीचा, त्या प्रथेचा आणि माझा स्वतःचा इतका राग आला की तिथून चालत निघालो ते थेट मावशीच्या घरी.

ती परसात भांडी घासत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बॅटरी गेली नव्हती. मोबाईल रिपेअरला नव्हता. तो मैदानात नव्हता, तीन आठवडे मी त्याला बघितलंच नव्हतं. तू फोन करत होतीस तेव्हा तो पडून होता, दाराकडे बघत होता. पहिल्याच दिवशी मी नाही म्हटलं असतं तर तू आकांत केला असतास आणि कुणीतरी शोधायला निघालं असतं. वाचला असता की नाही ते डॉक्टरलाही माहीत नाही. एकटा गेला नसता, एवढं मला माहीत आहे. हे शेवटचंही बोललो. बोलायचं ठरवून गेलो नव्हतो.

तिचा हात थांबला नाही. पातेलं घासून झालं, विसळून झालं, पालथं घालून झालं. मग ती म्हणाली, "आणि त्यो गोल?"

"नव्हता, मावशी."

"मी देवाम्होरं साखर ठेवली हुती त्या दिवशी. आळीत वाटली."

 ती पदराला हात पुसत उठली आणि आत गेली. मी दारापर्यंत आलो तेव्हा आतून तिचा आवाज आला. "माफ कर म्हणू नगंस मला. दर ऐतवारी फोन करायचा. आन् खरं सांगायचं."

तर स्मरणिकेसाठी माझं म्हणणं असं. चेंडूची गोष्ट छापा, नाडीची छापा, ती खरंच चांगली प्रथा आहे. हजेरीची मात्र बंद करा. जो आलेला नाही त्याच्या नावापुढं कुणी काही बोलू नये. गप्प राहावं आणि खेळ सुरू करण्याआधी एकानं त्याच्या घरी जाऊन यावं. सर, तुम्हाला हे लागेल. लागू दे. आम्ही शारजात ती बंद केली. पहिल्या रविवारी शकीलनं एक नाव वाचलं, उत्तर आलं नाही, आणि सगळे कावरेबावरे होऊन वाळूकडे बघत राहिले. मग दोघंजण गाडी घेऊन गेले. तो गडी झोपला होता, शिव्या घालतच उठला. इतक्या मनापासून ऐकलेल्या शिव्या मला दुसऱ्या आठवत नाहीत.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. पेठेतल्या आमच्या घराला कुलूप आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे. सुटीला गेलो की बायको झाडून घेते आणि पोरगा विचारतो, "हाऊ मेनी डेज?" शारजातला फ्लॅट दर वर्षी करार संपला की दुसऱ्याचा होऊ शकतो. यातलं घर कुठलं, यावर पूर्वी मी मित्रांशी तास तास बोलायचो, जरा गहिवरायचोही. आता बोलत नाही.

रविवारी खेळ संपला की मी गाडीत बसून मावशीला फोन लावतो. ती जेवलास काय असं विचारत नाही. किती आले एवढंच विचारते. गेल्या रविवारी चौदा आले होते. कोण आलं न्हाई, तिनं विचारलं. मी चार नावं सांगितली. तिघं ड्युटीवर, तिघांशी फोनवर बोललो. चौथा, सांगलीचा एकजण, तापानं पडलाय.

"बघून आलास?"

"आलो, मावशी."

"डोळ्यानं?"

"डोळ्यानं. उठून बसला होता. माझ्यासमोर चहा प्याला."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. याहून जास्त ती बोलत नाही, आणि बोलेल असं मला वाटतही नाही. पण तिनं ‘डोळ्यानं?’ असं विचारावं आणि मला हो म्हणता यावं, तेवढ्यापुरता मी घरी असतो. बाकीचा आठवडा मी नुसता राहतो.